टिकलीच्या दोन दाढा

ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. आठ वर्षांच्या टिकलीला तिच्या आईची किडनी बसवायची होती. सगळ्या तपासण्या आटोपल्या होत्या, दातांची तेवढी राहिली होती. तिचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा. कागदावर एक शिक्का घ्यायचा, एवढ्याच हिशेबानं तो दुकान बंद करून तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला.

बाईंनी मागची हिरडी दाबली. पिवळट थेंब वर आला.

"दुखतं का गं?"

"नाही."

एक्स-रे पाहून बाईंचा चेहरा उतरला. "दोन दाढा आतून पोखरल्यात. खाली पू आहे. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

"दाढेपायी?" बाप उभाच राहिला. "अहो, दुधाच्याच आहेत ना त्या? पडणारच आहेत!"

"नवी किडनी टिकावी म्हणून जी औषधं देतील, त्यांनी हिची प्रतिकारशक्ती कमी होईल. मग हा पू रक्तात पसरला, तर जिवावर बेतेल."

बाप परत खाली बसला.

"किडनीच्या आजारात मुलांचे दात कच्चे राहतात," बाई म्हणाल्या, "पण दाढा सहसा इतक्या किडत नाहीत. हिला गोड काय देता?"

"काहीच नाही!" टिकली म्हणाली. जरा जास्तच पटकन.

बापानं मान खाली घातली. टिकली डायलिसिसवर, म्हणून दिवसाला मोजून दोन पेले पाणी. ओठ चाटत पोर नळाकडे बघत बसायची, ते त्याला बघवायचं नाही. मग बायकोची नजर चुकवून तो तिच्या गालात लिंबाची गोळी सरकवायचा. दोन वर्षं, रोज तीन-चार. ब्रशनं रक्त यायचं, तेव्हा "राहू दे आज" म्हणणाराही तोच.

"मी देत होतो," तो कसाबसा म्हणाला. "दातांचं आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही हो."

"किडनीच्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी तुम्हाला इथं पाठवायला हवं होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"बाबांना रागावू नका," टिकलीनं त्याचा शर्ट धरला. "मीच मागायचे."

घरी बायकोची हॉस्पिटलला न्यायची बॅग भरून तयार होती. त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. ती बॅगेशेजारी मटकन बसली.

"मी चिमूटभर मीठही न देता तिला रडवलं," ती म्हणाली. "आणि तू?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

डायलिसिसमध्ये दिलेलं रक्त पातळ करणारं औषध उतरावं म्हणून डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढा काढल्या. खुर्चीच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला बायको. टिकलीनं दोघांचे हात पकडून ठेवले होते.

सात आठवड्यांनी ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच बायकोनं कोरड्या ओठांनी पहिलं विचारलं, "तिला लघवी झाली का रे?"

"झाली," तो म्हणाला. "पिशवी भरली. तुझी किडनी चालू झाली." आणि तिच्या उशीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला.