येते म्हणाली म्हणून

काजं-बटणं करणारी बाई अडकली ती स्वतःच्या जिभेमुळे, आणि तेही एका साध्या शब्दापायी. शिंप्याच्या दुकानातून दुरुस्त केलेला शर्ट द्यायला ती म्हाताऱ्याच्या खोलीवर गेली होती. म्हातारा एकेकाळी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोकांच्या चुका शोधण्यात सगळी उमर गेली आणि पाठोपाठ नजरही. वर्तमानपत्र नाकाशी धरून बसलेला पाहून हिला दया आली. तिने अर्धं पान वाचून दाखवलं आणि निघताना आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाली, "येते हं."

"किती वाजता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पाचला," ती हसून म्हणाली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. कसली थट्टा! दुसऱ्या दिवशी म्हातारा सहापर्यंत दारात खुर्ची टाकून बसला होता, असं त्याच्या शेजारणीने दुकानात येऊन सांगितलं. शब्द म्हणजे शब्द, ही त्याच्या धंद्याची खोड. ती ओशाळून गेली, आणि मग मात्र सुटका नाही.

आता, पाच ते सहा हा तिचा एकुलता एक तास. त्याआधी दुकान, मान मोडेपर्यंत. त्यानंतर घर: सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, नवऱ्याचं "अगं, माझा टॉवेल?" टॉवेल त्याच्या खांद्यावरच असायचा. मधला तास ती बागेतल्या बाकावर पाय पसरून बसायची, कुणाची कुणी नसल्यासारखी. तो तास गेला.

वर म्हाताऱ्याचा थाट काय वर्णावा! "'परिणाम'मधला ण नाकात अडकला वाटतं तुमच्या." "स्वल्पविरामाला थांबायचं असतं, बाई. बस चुकत नाहीये." फुकट वाचायचं आणि बोलणीही खायची. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. तिचा जीव कोंडायचा. आठ महिने तिने दात-ओठ खात वाचलं. अखेर ठरवलं, आज तोंडावर सांगून मोकळं व्हायचं.

गेली तर म्हाताऱ्याची पुतणी आलेली. तिने काकांसाठी नवा मोबाईल आणला होता, बटण दाबलं की घडाघडा बातम्या वाचणारा.

"सुटलात तुम्ही," म्हातारा म्हणाला. "फार छळलं मी."

"छे हो, छळ कसला," ती म्हणाली, आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

बाक होता तिथेच होता. तिने पाय पसरले. दहा मिनिटं बरी गेली, मग करमेना. समोरच्या पाटीवरच्या सूचना ती पुटपुटत वाचू लागली, स्वल्पविरामाला थांबून. ण असा खणखणीत लागला की तिने कौतुकाच्या आशेने मान वळवली. शेजारी कोण असणार?

घरी गेल्यावर दिवसभरात आपण काय काय बोललो ते तिने आठवून पाहिलं. हो, आणते, देते, झालंच. एवढ्या चार शब्दांवर संसार चालला होता. अख्ख्या जगात तिच्या आवाजाकडे कान लावून बसणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यावरच ती चिडत होती. भांडी घासता घासता तिला रडू फुटलं.

"नळ बंद कर गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "पाणी वाया जातंय."

चौथ्या दिवशी पाचला ती म्हाताऱ्याच्या दारात उभी राहिली. आत मोबाईल बोलत होता.

"चुका करत असेल ना तो?" तिने मोठ्या आशेने विचारलं.

"एकही नाही," म्हातारा म्हणाला.

झाली का पंचाईत! आता कशाच्या जोरावर आत जायचं? कुणाचं काही अडल्याशिवाय ती आजवर कुणाच्या दारात उभी राहिली नव्हती.

"म्हणजे तुमचं काही अडत नाही," ती म्हणाली. "पण मला वाचायचंय. मला हवंय ते."

म्हाताऱ्याने चाचपडत मोबाईल बंद केला.

"बसा आधी," तो म्हणाला. "तीन दिवस एक चूक कानावर पडली नाही. वेड लागायची वेळ आली होती."