काचेवरची काजळी

चंद्रपुरात घरी पाहुणा आला की आधी खुर्ची पुसतात. दारंखिडक्या कितीही लावा, कोळशाची काजळी आत येतेच. घरच्या माणसासाठी मात्र कुणी खुर्ची पुसत नाही. तो आपला तसाच बसतो.

माझे बाबा, खुशाल, आमच्याच कॉलेजात ठेकेदाराकडून सफाईला होते. मी तिथेच एका छोट्या उपग्रहासाठी दुर्बीण बनवत होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं, "कॉलेजात मले म्याडम म्हणा. ओळख दाखवू नका." ते हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

दुर्बीण म्हणजे मुठीएवढा काचेचा एकच ठोकळा. आरसे त्याच काचेवर चढवलेले, त्यामुळे रॉकेटच्या हादऱ्यांत सुटायला किंवा सरकायला काही नव्हतंच. हादऱ्यांच्या टेबलावर ती टिकली, भट्टीत टिकली, उणे चाळीस अंशांतही टिकली. अडीच वर्षं मी तिच्यापायी जीव काढला होता. आता तिला रॉकेटवर जागा मिळाली होती, आणि बदली दुसरी दुर्बीण नव्हती.

जपायचा होता तो फक्त काचेच्या तोंडावरचा लेप. धूळ बसली तर हवेने उडवायची, पुसायची नाही, हे मी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. बाबा सोडून. लॅबमध्ये मी त्यांच्याशी बोलतच नव्हते, आणि घरी त्यांनी विचारलं की म्हणायची, "तुमाले नाई समजत ते."

दुर्बीण न्यायला पाहुणे येणार होते त्या सकाळी मी तिचं झाकण काढलं, काच तशीच उघडी टाकली आणि हातमोजे आणायला गेले. परत येते तो बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्याने काच खसाखसा पुसत होते.

"पाहुणे येऊन राह्यले ना," ते हळूच म्हणाले. "चकाचक केली."

आमच्या प्रकल्पाच्या सरांनी काच दिव्यासमोर धरली. काजळीने लेपावर ओरखडेच ओरखडे उठवले होते. रॉकेटवरची आमची जागा गेली.

"कोणाचा माणूस आहे हा?" सर ओरडले.

"ठेकेदाराचा असेल," मी म्हणाले. "मी नाही ओळखत. झाकणही यानेच काढलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो साहेब," ते म्हणाले. "मीच काढलं. म्याडमची काई चूक नाई."

त्यांचं ओळखपत्र तिथल्या तिथे काढून घेतलं. मला लाज वाटली असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. मला पाहताच लगबगीने उठले, आतून खुर्ची आणली. खांद्यावरचा तोच दुपट्टा काढून त्यांनी तिची पाठ पुसली, हात पुसले, बसायची जागा दोनदा पुसली.

"बसा, म्याडम," ते म्हणाले.