मांड्यांचं पीठ

"हाई काय शे, सांग मले." सुगंधाबाईंनी पिठाची परात भिकनच्या नाकाशी धरली.

पांढऱ्याशुभ्र पिठात पिवळसर गोळ्या झाल्या होत्या. भिकननं एक गोळी चिमटीत धरून चोळली. बोटं ओशट झाली. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. तेवढाच वेळ मिळतो.

"तेल शे, अक्का."

"ते मलेबी दिखस. पीठमा गयं कसं?"

उद्या आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया. सुगंधाबाईंची लेक नूतन तीन वर्षांनी साक्रीहून माहेरी येणार होती, आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला खापरावरचे मांडे नाहीत, तर मग माहेर कशाला म्हणायचं? त्या मांड्यांसाठी गहू धुऊन, सावलीत वाळवून, एकेक खडा वेचून आज सकाळी घरघंटीत, घरातल्या विजेच्या चक्कीत, दळला होता. चार किलो पीठ. त्यातलं मूठभरसुद्धा आता पोळपाटावर घेण्याजोगं राहिलं नव्हतं.

भिकन मिस्तरी जमिनीवर बसला. साठी ओलांडलेल्या माणसाला जमिनीवर बसणं म्हणजे एक काम, आणि उठणं हे दुसरं. तीस वर्षं तो धुळ्यात, या देवपूर भागात, घराघरांतल्या घरघंट्या, कुलर, पंखे दुरुस्त करत आला होता. या गल्लीतली अकरा घरं त्याला बोलवायची, ती सुगंधाबाईंच्या एका शब्दावर. दोन मजले चढून आल्यावर त्याचे गुडघे अजून ठणकत होते, आणि वर पत्रा असा तापलेला की पंख्यातून वाराही गरमच पडत होता.

"मी सांगस तुले, काय व्हयनं ते," सुगंधाबाई म्हणाल्या. "मशीन कुरकुर करे. मंग इनी शिवणयंत्रनं तेल वतेल शे. पोऱ्यांच्या झबल्याकरता आणेल बाटली शे ना तिन्हाकडे!"

ही म्हणजे सून, मोहिनी. ती ओट्यापाशी उभी राहून पिठाचा ट्रे पुसत होती. "आई, मी हात पण लावला नाही मशीनला," एवढंच ती म्हणाली. बहुधा सकाळपासून पाचव्यांदा म्हणाली असावी. आवाजात जोर उरला नव्हता.

भिकननं घरघंटीचं मागचं झाकण काढलं. बेअरिंगवरची टोपी उघडली आणि बोट आत घातलं.

बोटावर आलं ते त्यानं उजेडात धरलं. अर्धं ग्रीस तपकिरी, अर्धं पिवळं. मध्ये फाटलेल्या दुधासारखं झालेलं, आणि त्याभोवती सुटं तेल. शिवणयंत्राचं तेल पाण्यासारखं पातळ असतं. हे तसं नव्हतं. हे ग्रीसमधूनच सुटलेलं होतं.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. दोन कंपन्यांचे साबण वेगळे. ते एकत्र केले की त्यांचं पटत नाही, आणि ऊन तापलं की दोघंही तेल सोडून देतात, आणि ते झिरपत पिठात उतरतं. त्याच्या उस्तादानं, नथ्थू मिस्तरीनं, पहिल्याच महिन्यात बजावलं होतं: जुनं पुसल्याशिवाय नवं घालू नको. भिकननं तीस वर्षं ते पाळलं होतं. एक दिवस सोडून.

तो दिवस त्याला लख्ख आठवला. माघ महिना, हीच खोली. जुन्या डब्याचा तळ संपला, नव्या डब्यातलं वरून भरलं. जुनं धुवायला डिझेल हवं होतं आणि ते खाली गाडीच्या डिकीत. दोन मजले उतरायचे, पुन्हा चढायचे. काय होतंय एवढ्यानं, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

"ऊन शे अक्का," तो म्हणाला. "ग्रीस पातय व्हस." खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

"ऊन तं दरसाल ऱ्हास," सुगंधाबाई म्हणाल्या. "पंधरा वरीसमा कधी पीठमा तेल उतरनं नही. तू मानूस भला, म्हणीसन इले सांभायी ऱ्हायना. सकाय नूतनले मी बठ्ठं सांगसू."

मोहिनीनं ट्रे पुसायचं थांबवलं. तिनं भिकनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. गप्प बसणं किती सोपं होतं! टोपी लावायची, मान हलवायची, घरी जायचं. नाव शाबूत, गल्ली शाबूत. उद्या मांड्यांच्या पंगतीत या पोरीचा उद्धार होईल तेव्हा तो काही ऐकायला नसेल.

"अक्का," तो म्हणाला, "तिनी तेल टाकं नही. मन्ही चूक शे."

"काय?"

"माघमा दोन डबास्नं ग्रीस मी एक करं. जुनं पुसाले पाहिजे व्हतं. पुसं नही."

"का बरं?"

"जिना उतराना कंटाया उना."

सुगंधाबाईंनी पदरानं हात पुसले. रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आते ऱ्हाऊ दे. नूतनना घरवालाना वळखीना एक मेकॅनिक शे. त्याले बलावसू."

परात उचलून त्या आत गेल्या. सुनेला त्या काही बोलल्या नाहीत. वाईटही नाही आणि बरंही नाही.

मशीन उघडं टाकून जायची भिकनची रीत नव्हती. या खेपेला तो डिझेल बरोबर घेऊनच आला होता. त्यानं बेअरिंग धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, एकाच डब्यातलं ग्रीस भरलं. टोपी लावली. मशीन चालवून कान दिला. आवाज स्वच्छ होता.

तो दाराबाहेर आला तेव्हा मोहिनी मागून आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात मूठभर पीठ. तेच, वाया गेलेलं.

"हात धरा भाऊ. पिठानं तेल लवकर निघतं."

त्यानं हात पुढे केले. तिनं पीठ टाकलं, त्यानं चोळलं, मळकं ग्रीस गोळा होऊन पडू लागलं. ती वरून बारीक धार धरून उभी राहिली.

"आणि मांडे?" त्यानं विचारलं.

"होतील. घरात धुतलेला गहू आहे अजून. गिरणीतून आणते दळून."

तीस वर्षांत प्यायला पाणी पुष्कळांनी दिलं होतं. हातावर कोणी घातलं नव्हतं. त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि पिशवी उचलली.

मग कठड्याला धरून तो जिना उतरू लागला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दोन्ही मजले.