जोडी बराबर

“तुमच्या वरच्या लोकांनी माझ्या बाची जागा चोरली, भागवतराव. बैल चोरला असता तर आमी माग काढला असता. घर फोडलं असतं तर ठाण्यात गेलो असतो. पण मेलेल्या माणसाची बसायची जागा चोरायची, ती पण मुंबईत बसून, आन् वर त्या चोरीला इतिहास म्हनायचं! कोण हाय हे चोरटं? तेवढं नाव सांगा.”

शिला बोलली तशी जिल्हाध्यक्ष भागवतरावांच्या हातातली बशी तिरपी झाली आणि चहा पांढऱ्या विजारीवर सांडला. खेमा राठोडची ही लेक तोंडाची तिखट, हे त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या माघारी ती माहेरच्या तांड्यावर येऊन राहिली, एकदा सरपंच झाली, आणि तेव्हापासून तालुक्यातले साहेबलोक तांड्याच्या रस्त्यानं यायचं टाळू लागले. पण आज टाळून चालणार नव्हतं.

“ताई, माझ्यावर काहून चिडता? मी काय केलं? वरून आलंय.”

“वरून पाऊस येतो. बाकी सगळं कोणीतरी पाठवावं लागतं.”

भागवतरावांनी विजार झटकली. मग आणलेलं काम हळूहळू बाहेर काढलं. प्रदेश पक्षानं म्हणे आपला सगळा इतिहास गोळा करायला घेतला होता. जुने झेंडे, सभेच्या कॅसेटी, भिंती रंगवायचे पत्र्याचे साचे, फोटो, जे असेल ते. मुंबईत दालन होणार. त्यात हिंगोली जिल्ह्याची ‘गिनती’ व्हिडिओवर घेऊन कायमची ठेवणार. आणि त्या गिनतीत दगडोबा कऱ्हाळ्यांच्या शेजारी यंदा खेमा राठोडच्या जागी साहेबांचे वडील, कैलासवासी आबासाहेब, यांचं नाव घेतलं जाणार होतं.

साहेब म्हणजे प्रदेशाचे साहेब. यांचं नाव घेण्यात अर्थ नाही. असे साहेब प्रत्येक पक्षात असतात आणि पक्ष बदलला तरी तेच असतात.

“त्याच्या बदल्यात रुख्मिणीबाईंचा सत्कार ठेवलाय,” भागवतराव म्हणाले. “स्टेजवर. शाल, नारळ.”

दाराशी हरभरा निवडत बसलेल्या रुख्मिणीबाईंनी सूप खाली ठेवलं. खेमाची ही म्हातारी कानानं जरा मंद होती, पण नेमकं ऐकायचं ते ऐकायची.

“नारळ त्याला जित्तेपनीच देला की तुमी. आता मला कशाला आनखी?”

गिनती म्हणजे काय, ते मुंबईच्या इतिहास समितीला कळणं अवघड आहे, म्हणून इथं सांगून ठेवतो. दुष्काळाच्या साली जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून खडी फोडणाऱ्या बायामाणसांचा मोर्चा हिंगोलीवर निघाला. कामाचा दाम वेळेवर द्या, एवढीच मागणी. पक्ष तेव्हा नुसता नावाला होता, त्याला पाय फुटले ते या मोर्च्यानं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणून पकडलेल्यांना परभणीच्या तुरुंगात नेलं. तुरुंगात सकाळ-संध्याकाळ गिनती. कैद्यांनी दोघा-दोघांच्या जोडीनं खाली बसायचं, शिपायानं काठी टेकवत मोजत जायचं, आणि जोडीतल्यानं ओरडायचं, “जोडी बराबर!” एखादी जोडी तुटली की मोजणी तिथंच थांबायची. जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही. मुतायलासुद्धा नाही.

सुटून आल्यावर पुढच्या वर्षी त्याच दिवशी ही मंडळी जवळा बाजारात भेटली, आणि चेष्टेचेष्टेत सतरंजीवर जोड्यांनी बसून गिनती केली. चेष्टेची रीत झाली. माणसं मरू लागली तसं त्यांच्या जागी त्यांची लेकरं येऊन बसू लागली. नाव पुकारलं की लेकरानं “हाजर” म्हणायचं, शेजाऱ्यानं “जोडी बराबर” म्हणायचं. पुढारी आले, गेले, पक्ष फुटला, जुळला, पुन्हा फुटला. गिनती चुकली नाही. पक्षाचा खरा इतिहास ठेवायचं कपाट कुठं असेल तर ती ही सतरंजी. तिला कुलूप नाही आणि वाळवीही नाही.

खेमा आणि दगडोबा ही त्यातली जोडी. खेमा तांड्याचा, दगडोबा गावातला, चांगल्या पाटीलकीच्या घरचा. बाहेर असते तर एका ताटात जेवले नसते. तुरुंगात दगडोबाला हिवताप भरला. बसता येईना, आणि बसला नाही तर गिनती तुटणार, सगळ्यांना उन्हात ठेवणार. खेमानं आपला खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि त्याचं सगळं वजन अंगावर घेऊन म्हणाला, “जोडी बराबर!” तेव्हापासून दरसाल हे दोघं गिनतीला खांद्याला खांदा लावूनच बसायचे. खेमा गेल्यावर शिला बसू लागली. तीही खांदा लावूनच.

मग खेमाचं नाव खटकलं कुणाला? एका अधिवेशनात त्यानं माईक हातात घेऊन विचारलं होतं, “तांड्यावर पक्षाचा झेंडा हाय, मग पक्षाच्या स्टेजवर तांडा काहून न्हाई?” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणूनच निलंबन झालं. ते निलंबन कुणी मागे घेतलं नाही आणि खेमानं कधी अर्ज केला नाही. तो गिनतीला मात्र दरसाल आला. आता वरच्यांचं म्हणणं असं, की निलंबित माणूस इतिहासात कसा घ्यायचा? आणि साहेबांच्या वडलांना तर जागा हवीच होती. आबासाहेब मोर्च्याच्या दिवशी कुठं होते? सासरवाडीला. बारशाला. हे अख्ख्या जवळा बाजारला माहीत होतं, कारण बारशाचे पेढे त्यांनीच येऊन वाटले होते.

“तुमी जा, भागवतराव,” शिला म्हणाली. “आमी येतो गिनतीला. जागा आमची आमाला माहीत हाय.”

भागवतराव उठले. जाता जाता म्हणाले, “दगडोबाअण्णा तयार आहेत, ताई. त्यांच्या सूनबाईला जिल्हा परिषदेचा गट सुटतोय. उगीच हसं करून घेऊ नका.”

हे मात्र लागलं. भागवतरावांची गाडी धूळ उडवत गेली तरी शिला अंगणातच उभी होती. एकटा दगडोबा “बराबर” म्हणाला की संपलं. तो या जोडीतला एकमेव जिवंत माणूस. त्याच्या तोंडून एकदा व्हिडिओवर तसं निघालं की झालं, खेमा राठोड तुरुंगात गेलाच नव्हता. मग कितीही ओरडा.

“जा, भेट त्याला,” आई म्हणाली.

“याडी, त्यानं न्हाई म्हनलं तर?”

“त्यानं तुज्या बाच्या खांद्यावर ताप काढलाय. जा.”

बाजाराच्या दिवशी दगडोबा कुठं सापडणार हे ठरलेलं. जवळा बाजारच्या चौकातल्या हॉटेलात, भज्यांच्या कढईच्या बाजूला, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. शिला समोर जाऊन बसली तसा म्हातारा भज्याकडं बघत म्हणाला, “मला ठाऊक हाय तू काहून आलीस.”

“मग सांगा की, काका. माझा बोलन्याचा तरास वाचंल.”

“पोरी, तकलीफ देऊ नको. शिवकन्या चांगली बाई हाय. तिला गट मिळाला तर ह्या रस्त्याचं तरी काम होईल. मेलेल्याचं काय जातं? खेमा काय उठून भांडनार हाय?”

“न्हाई. त्याच्या वतीनं मी भांडीन. पन तुमच्याशी न्हाई.”

“मंग?”

“तुमाला कायबी म्हनायचं न्हाई मला. साहेब तुमच्या बाजूला बसतील. गोरेपान, अत्तर लावलेलं. त्यांच्या खांद्याला खांदा लावा आन् बघा, वजन पेलतं का. पेललं तर खुशाल म्हना बराबर.”

दगडोबानं भजं उचललं, पुन्हा ठेवलं. “तुज्या बानं बी असंच टोचून मारलं जन्मभर,” तो म्हणाला. “मिरच्या खा. तिखट हायेत.”

“माझ्याहून?”

म्हातारा हसला नाही. शिला उठली. ती एक शब्द जास्त बोलली नाही, कारण विनवणी करून मिळवलेली साक्ष साक्ष नसते, हे तिला खेमानंच शिकवलं होतं.

गिनती यंदा हिंगोलीला, मंगल कार्यालयात होती. बाहेर फ्लेक्स, त्यावर साहेब सगळ्यात मोठे, आबासाहेब त्यांच्याहून थोडे लहान, आणि मोर्चा कोपऱ्यात, बोटाएवढा. भागवतरावांनी खुर्च्या मांडल्या होत्या. पण मुंबईहून आलेल्या प्रियदर्शनी नावाच्या कॅमेरावाल्या बाईनं त्या काढायला लावल्या. “रीत जशी आहे तशीच हवी,” ती म्हणाली. “नाहीतर माझ्या रेकॉर्डिंगला काय किंमत?” बिचारीला माहीत नव्हतं की साहेबांच्या पायाखालची सतरंजी ओढायची सोय तिनंच करून दिली.

माणसं जोड्यांनी बसली. मेलेल्यांची लेकरं, काहींचे नातू. साहेब आले, हात जोडत, मांडी घालताना गुडघ्याला धरत, आणि दगडोबाच्या डाव्या अंगाला बसले. खेमाच्या जागी. शिलाला एका कार्यकर्त्यानं बायकांकडं बसायची खूण केली. ती बसली. आईचा हात तिच्या हातात होता.

भागवतराव माईकवर पुकारू लागले. जोडी, हाजर, बराबर. जोडी, हाजर, बराबर. कॅमेरा सरकत होता. मग ते थांबले, घसा साफ केला.

“दगडोबा कऱ्हाळे!”

“हाजर.”

“कैलासवासी आबासाहेब!”

“हाजर!” साहेबांचा आवाज सभेचा, घुमणारा.

आता दगडोबानं दोन शब्द म्हणायचे होते. साहेबांनी, कुणीतरी शिकवल्याप्रमाणे, आपला खांदा त्याच्याकडं कलता केला. दगडोबानं तो खांदा पाहिला. मग अंग चोरून थोडा उजवीकडं सरकला. मध्ये वीतभर सतरंजी दिसू लागली.

“अण्णा,” भागवतराव माईकवरच कुजबुजले, “जोडी...”

“जोडी कुठंय?” दगडोबा म्हणाला. “माझ्या बाजूला कोनीच न्हाई.”

साहेब त्याच्या शेजारी बसलेले. अंगावर पांढरं धोतर, बोटात अंगठ्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“वय झालंय, विसरतात,” साहेब हसून म्हणाले. “अण्णा, मी बसलोय ना!”

“तुमी बसलाव. तुमचे वडील न्हवते बसले.” मग त्यानं मान वळवून बायकांच्या बाजूला हाक दिली. “पोरी, माजी गिनती तुटून राहिली. खांदा आन इकडं.”

शिला उठली. त्या कार्यकर्त्यानं आडवा हात केला आणि तिच्याकडं पाहून लगेच काढूनही घेतला. ती जाऊन साहेबांच्या पुढ्यात उभी राहिली. “सरका,” म्हणाली. साहेब सरकले नाहीत. तेव्हा ती दगडोबाच्या उजव्या अंगाला बसली आणि खांद्याला खांदा भिडवला.

“खेमा राठोड, हाजर!” ती म्हणाली.

“जोडी बराबर!” दगडोबा इतक्या जोरात ओरडला की माईकची गरज पडली नाही.

भागवतरावांनी हातातला कागद धरून पुढची जोडी पुकारली. पुढच्या जोडीतून कोणी बोललं नाही. त्याच्या पुढची पुकारली. तीही गप्प. आबासाहेबांचं नाव जोडीविना लोंबकळत होतं, आणि तुटलेली गिनती पुढं जात नसते. सगळ्यांना रीत ठाऊक होती, साहेबांना नव्हती.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि उठायला हात टेकला.

“बसा, साहेब,” मागून एक म्हातारा म्हणाला. “गिनती चालू हाय. जुळल्याबिगर उठता येत न्हाई.”

“मुतायला बी न्हाई,” दुसरा म्हणाला, आणि सगळा हॉल हसला.

भागवतराव घामाघूम होऊन दगडोबाच्या सुनेकडं वळले. शिवकन्या पहिल्या रांगेत नव्या साडीत बसली होती. “वहिनी, तुम्ही तरी उठा. तुमचं बघून लोक उठतील. तुमच्या भल्याचं सांगतोय.”

शिवकन्यानं एकदा सासऱ्याकडं पाहिलं, एकदा शिलाकडं. मग डोक्यावरचा पदर नीट केला. “मामंजी बसलेत,” ती म्हणाली. “मी कशी उठू?”

गट गेला, हे तिलाही कळलं आणि दगडोबालाही. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्याचं सगळं वजन शिलाच्या खांद्यावर आलं; तिनं ते घेतलं.

“कॅमेरा बंद करा,” साहेब म्हणाले.

“सर, गिनती अजून चालू आहे,” प्रियदर्शनी म्हणाली, आणि कॅमेरा तिनं शिलाकडं वळवला.

शिलानं माईक मागितला नाही. बापासारखीच ती, आवाज तिचा शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

“साहेब, आमी काय भांडाया न्हाई आलो. तुमच्या वडलांना जागा देऊ की. सतरंजी मोठी हाय. फकस्त जोडी जुळवून द्या, मंग आमी बी उठू, तुमी बी उठा. ते तुरुंगात कोनाच्या शेजारी बसले होते? कोनाच्या खांद्याला त्यांचा खांदा लागला होता? इथं सगळी घरं हजर हायेत. बोट दाखवा. सांगा, साहेब. आमी बसलो हाव.”