मॅडम, फाटक्या आणि मी कोपऱ्यातला ट्रे

नाकाला रुमाल लावला असेल तर काढा. मी सशांच्या शौचाचा ट्रे बोलतोय हे खरं, पण आत्ताच धुऊन गॅलरीत उन्हाला ठेवलेला आहे. बोलायला हीच वेळ बरी. पाऊण तासाने मला पुन्हा कामावर रुजू व्हायचंय.

मी काही जन्माचा असा नाही बरं का. पांढरं जाड प्लॅस्टिक, गुळगुळीत कडा, दीड हात लांबी. अकरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर माझं ठाणं होतं. आमचे मालक, म्हणजे चष्मेवाले, माझ्यात निळं मखमली कापड अंथरत आणि त्यावर फ्रेमा मांडत. गिऱ्हाईक माझ्यावर वाकून निवड करायचं आणि मी खालून त्याचा चेहरा बघायचो. खालून बघितलेला माणूस फार खरा दिसतो. नाकातले केसही दिसतात आणि बढायाही.

एकदा एक वकीलसाहेब आले. कागद हातभर लांब धरून म्हणाले, "नजर माझी उत्तम आहे. हल्ली अक्षरंच पुसट छापतात." चष्मेवाले गिऱ्हाइकाशी कधी वाद घालत नाहीत. म्हणाले, "अगदी खरं आहे साहेब, छपाईच बिघडलीय. ती सुधारेपर्यंत हा घालून बघा." वकीलसाहेब चष्मा घालूनच पायऱ्या उतरले.

आणखी एक गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे, अगदी घाईतल्या गिऱ्हाइकालाही थांबवून. "जुना चष्मा आजच फेकू नका. आठवडाभर दोन्ही जवळ ठेवा. डोळ्यांनाही नवं आधी परकंच वाटतं." हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. तुम्हीही ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एका जाडजूड गिऱ्हाइकाचं कोपर लागलं, मी फरशीवर पडलो आणि माझ्या कोपऱ्याला तडा गेला. तडा गेलेली वस्तू काउंटरवर ठेवली की गिऱ्हाईक मालातही तडे शोधतं. म्हणून माझी बदली घरी झाली. त्याच आठवड्यात घरात एक तपकिरी सशीण आली. तळाला वर्तमानपत्राचे कपटे, वर मूठभर वाळलं गवत, असं माझं नवं रूप ठरलं. नाकावर बसणाऱ्या वस्तू बाळगणारा मी, लोकांना नाक दाबायला लावणारा झालो. नशीब म्हणतात ते हेच.

पण सशीण गुणाची निघाली. चार दिवसांत तिला कळलं की गवत चघळायचं ते माझ्यात बसून, आणि बाकीचा कारभारही तिथेच उरकायचा. चष्मेवाल्यांनी तिचं नाव मॅडम ठेवलं. दुकानात कुणी आपल्या मुलांची तक्रार केली की ते म्हणत, "आमच्या मॅडमकडे पाठवा शिकायला." घरी पाहुणे आले की मला दाखवत. हो, मला! बक्षिसाची ढाल दाखवावी तसा. दोन वर्षं माझी अशी थाटात गेली.

मग घरात सासरे आले.

चष्मेवाल्यांची बायको पोस्टात पत्रांची छाननी करते. तिचे वडील चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करत, किल्ल्या घडवत. एका खोलीत एकटेच राहायचे. एके दिवशी ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि अर्धा दिवस तसेच पडून राहिले. दार ठोठावलं ते दूधवाल्याने. त्या दिवशी लेकीने सांगून टाकलं, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. म्हणजे नाही."

तर कुलूपवाले आले. सोबत एक ट्रंक, कुलपं कधीच हरवलेल्या किल्ल्यांचा एक जुडगा आणि काखेत एक पांढरा ससा. मांजराने त्याचा एक कान फाडला होता, म्हणून नाव फाटक्या. त्याचा मागचा एक पायही जरा आखडलेला. त्याच्यासाठी कुलूपवाल्यांनी आपल्या दुकानाच्या टेबलाचा जुना लाकडी खण आणला होता. तेलाचा आणि लोखंडाचा वास मारणारा. फाटक्या वर्षानुवर्षं त्याच खणात बसायचा, तिथेच लेंड्या टाकायचा, बाहेर एक नाही.

चष्मेवाल्यांनी तो खण दोन बोटांनी उचलला. "घरात चांगला ट्रे आहे, बाबा. दोघांना पुरेल," म्हणाले, आणि खण गॅलरीत पालथा घालून त्यावर कुंड्या ठेवल्या. मी पुरेन की नाही हे मला कुणी विचारलं नाही. ट्रेला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. फाटक्या यायचा, मला हुंगायचा आणि परक्याच्या ताटाला हात लागावा तसा मागे सरकायचा. दाराशी लेंड्या, सोफ्याखाली लेंड्या, एकदा तर चष्मेवाल्यांच्या चपलेत. चष्मेवाले मला दिवसातून तीनदा फिनेल लावून घासू लागले. घासून घासून माझा वास असा गेला की मीच मला ओळखेना, मग त्या मुक्या जिवांनी कसं ओळखावं?

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. त्यातल्या निम्म्या लेंड्या फाटक्याच्या नव्हत्याच. मॅडमच्या होत्या. दोन वर्षं शिस्तीत वागलेली बाई फाटक्या जिथून जाईल तिथे मागोमाग जाऊन चार दाणे सोडून यायची, म्हणजे ही जागा माझी. मी कोपऱ्यातून सगळं बघायचो. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण ट्रेला तोंड मोठं असलं तरी आवाज नसतो.

आणि हे नुसतं सशांचंच नव्हतं. खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. पहिल्या दिवशी कुलूपवाले सहज त्या खुर्चीत बसले. दुसऱ्या सकाळी तिच्यावर वर्तमानपत्र पडलेलं होतं. कुलूपवाल्यांनी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि बसले. तिसऱ्या सकाळी वर्तमानपत्र आणि त्यावर चष्म्याचं घर. चौथ्या दिवशी खुर्चीच्या हाताला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. दोघंही एकमेकांशी अगदी गोड बोलत होते. "घ्या ना बाबा, तुम्ही बसा." "छे छे, जावईबापू, खुर्ची तुमची." सशांना निदान खोटं बोलता येत नाही.

मग तो मुख्याध्यापिकाबाईंचा प्रसंग झाला. बाई कडक, चष्मा घ्यायला घरीच आल्या होत्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, त्याचं रिकामं घर टीपॉयवर उघडंच ठेवलं आणि आरसा आणायला आत गेले. बाई खिडकीशी जाऊन चष्मा लावून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होत्या. तेवढ्यात मॅडमने टीपॉयवर उडी मारली, आपला शिक्का उठवला आणि उतरून गेली. चष्मेवाले आले, न बघता घर मिटवून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते उघडलं. आत चार काळ्या गोळ्या. बाईंनी नवा चष्मा नाकावर सरकवून त्या नीट पाहिल्या आणि विचारलं, "या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

चष्मेवाल्यांनी ते घर त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आतून दुसरं, कोरं आणून दिलं.

बाई गेल्यावर ते सासऱ्यांसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण चेहरा लाल. "बाबा, रविवारपर्यंत बघू. नाही शिकला तर फाटक्याची दुसरीकडे सोय बघावी लागेल. माझ्या धंद्याचा प्रश्न आहे."

कुलूपवाल्यांनी जुडग्यातल्या किल्ल्या एकदा चाळल्या. मग म्हणाले, "ठीक आहे जावईबापू. रविवारी त्याला आमच्या खोलीवर नेतो. पण मलाही बरोबर जावं लागेल. त्याला आतून कडी लावता येत नाही."

लेक दारात उभी होती. त्या दिवशी तिने तीन ताटं वाढली, पण शनिवार उजाडेपर्यंत घरात कुणी पोटभर जेवलं नाही. ओल्या फरशीवर अर्धा दिवस पडलेला बाप तिच्या डोळ्यांपुढून हलत नसणार.

शनिवारी दुपारी कुलूपवाले फाटक्याला घेऊन गॅलरीत गेले आणि मधलं दार लावून घेतलं. मला दाराच्या काचेतून दिसत होतं. त्यांनी एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवली, खण सरळ केला, त्यात गवत घातलं. फाटक्या उडी मारून आत बसला, गवत चघळू लागला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माणसात आल्यासारखा, म्हणजे सशात आल्यासारखा, निवांत झाला. म्हातारा शेजारी बसून ट्रंकेत कपडे भरत होता.

आत चष्मेवाले स्टुलावर बसून हिशेब नाही, वर्तमानपत्र नाही, नुसते खिडकीबाहेर बघत होते. खुर्ची मोकळी होती, तिच्यावर फक्त सकाळचं वर्तमानपत्र. मॅडम आली, खुर्चीत चढली, चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसली आणि ताज्या वर्तमानपत्रावर सात-आठ दाणे टाकून शांतपणे मिशा हलवू लागली.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला. दाणे तिथेच होते, मॅडमही तिथेच होती आणि फाटक्या बंद दारापलीकडे.

"कळलं आता खुर्ची कुणाची ते?" बायको मागे येऊन उभी राहिली होती. मग ती जे बोलली ते मी काउंटरवर असताना ऐकायचो, फक्त आवाज बदलला होता. "दुकानात प्रत्येकाला सांगता ना, जुना चष्मा आजच फेकू नका, आठवडाभर दोन्ही जवळ ठेवा? मग बाबांचा खण पहिल्याच दिवशी कुंड्यांखाली कसा गेला हो?"

चष्मेवाले उठले आणि गॅलरीचं दार उघडलं.

"बाबा, ट्रंक राहू द्या."

"का? फाटक्या शिकला?"

"तो शिकलेलाच होता. आमची मॅडम विसरली."

कुलूपवाल्यांनी हातातला सदरा ट्रंकेत ठेवला नाही, बाहेरही ठेवला नाही. "वय झालं असेल तिचं," म्हणाले.

"वय नाही. तिला वाटलं, आपली जागा जाणार." चष्मेवाले खणाशी उकिडवे बसले. "चूक झाली."

कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि म्हाताऱ्यानेही विचारलं नाही. धंद्यात मुरलेली माणसं, कुठे थांबायचं ते दोघांना ठाऊक. कुलूपवाले सदरा खांद्यावर टाकत म्हणाले, "तुमची ती खुर्ची चांगली आहे. पण पाठीला टोचते."

"मलाही टोचते," चष्मेवाले म्हणाले. "तीन वर्षं झाली, सांगितलं नाही कुणाला."

आत लेक तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला खालून नीट दिसलं नाही.

पुढचं सगळं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. म्हणाल्या, दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे, तेव्हा आशा आहे. फिनेल बंद. खण आणि ट्रे दोन्ही शेजारी शेजारी. याचे थोडे ओले कपटे त्याच्यात, त्याचे थोडे याच्यात. काही दिवस दोघांना फिरायला जागा लहान, सवय पक्की झाली की मोकळीक. आणि भेटी घडवायच्या त्या दोघांचीही नसलेल्या जागेत.

अशी जागा घरात एकच निघाली, न्हाणीघर. रोज संध्याकाळी सासरे-जावई दोन बादल्या पालथ्या घालून समोरासमोर बसायचे आणि मध्ये दोन ससे. पहिल्या दिवशी केस उडाले. चौथ्या दिवशी पाठी फिरल्या. सशांना वेळ लागत होता, म्हणून माणसांना बोलावं लागलं. वकीलसाहेबांची पुसट छपाई तिथेच निघाली. स्वतःच्याच घराची किल्ली तीनदा घडवून नेणारा एक गृहस्थ तिथेच निघाला. म्हणे बायको कुलूप बदलायची. दाराबाहेरून लेक विचारायची, "अहो, ससे कुणाचे जुळवायचेत नक्की?" आतून नुसतं हसू यायचं.

दीड महिना लागला. मध्ये दोनदा सगळं मागे गेलं, पाहुणे आले तेव्हा मॅडमने सोफ्यावर पुन्हा शिक्का मारला. पण कुणी ट्रंक काढली नाही.

आता गंमत ऐका. मॅडमने खण घेतला. दोन वर्षांचा माझा संसार सोडून गेली, लाकडाचा वास तिला आवडला म्हणे. आणि फाटक्या माझ्यात येऊन बसतो, आखडलेला पाय माझ्या तडा गेलेल्या कोपऱ्यात लांबवून. कधी कधी दोघंही माझ्यातच दाटीवाटीने बसतात, तेव्हा माझा तडा जरा आणखी उघडतो. चष्मेवाल्यांनी तिथे चिकटपट्टी लावली आहे. नवा ट्रे आणूया का, असं लेकीने विचारलं होतं. कुलूपवाले म्हणाले, "आणा. पण हा आजच फेकू नका." चष्मेवाल्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. दुकानातलं वाक्य म्हाताऱ्याने कधी उचललं, कोण जाणे.

वेताची खुर्ची आता ज्याला आधी मिळेल त्याची आहे. जो बसतो तो पाठ टोचते म्हणून कुरकुरतो, आणि उठत मात्र नाही.

ऊन कललं. मला न्यायला पावलं येताहेत, एक चप्पल घासत चालणारी, म्हणजे कुलूपवाले. तेवढ्यात एक विनंती ऐकून घ्या. तुमच्या घरी असा एखादा ट्रे असेल, नाहीतर नवं आलेलं कुणी माणूस असेल, तर घर जरूर स्वच्छ ठेवा. मला धुवा, रोज धुवा, साध्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून. फक्त इतकं घासू नका, की आत येणाऱ्याला आपली जागा हुंगूनही सापडू नये.