पायाचा पंचनामा

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूही नये. माझा स्वतःचा अजून बसलेला नाही, आणि खोटं ओळखण्यात माझ्याइतका तरबेज माणूस जळगाव जिल्ह्यात दुसरा नसेल, कारण त्यातलं निम्मं मीच बोललेलो आहे.

मेहरूण तलावाच्या काठाला आम्हा म्हाताऱ्यांचा एक बाक आहे. मी जीवराम, बाकावर सगळ्यांचा नाना, रावेरकडचा केळीवाला, आता पिंप्राळ्यात घर केलंय. प्रेमराजभाऊ दीपनगरच्या कोळशाच्या पॉवरहाउसमधून निवृत्त झालेले. शिंकले की अजून राख उडते असं मी म्हणतो. अमृतनं किराणा दुकान मुलाच्या गळ्यात घातलं आणि स्वतः मोकळा झाला. आणि दिपमालाताई, धुळ्याच्या शाळेत मुलांना पाढे शिकवून दमलेल्या. त्या बोलतात कमी, बघतात जास्त. मला ते आवडत नाही.

परवा सकाळी तिघं तलावाची चक्कर मारून बाकापाशी आले. मी आधीच बसलेलो. हल्ली मी रिक्षानं येतो आणि चक्कर मारत नाही. चालता चालता गोष्ट सांडते. गारठा होता म्हणून डावा पाय रुमालात गुंडाळून ठेवला होता. अमृत नाक वर करून म्हणाला, कसला तरी वास येतोय. मी म्हटलं, काठाला मासा मेलाय. आणि तो मासा सगळ्यांनी विसरावा म्हणून गिरधरची गोष्ट काढली.

गिरधर माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच केळीवाला. एका उन्हाळ्यात असं वादळ आलं की त्याची कोंबडी उडाली ती थेट दीपनगरच्या चिमणीवर जाऊन बसली आणि भाजूनच खाली आली. प्रेमराजभाऊ म्हणाले, आम्ही तर कधी पाहिली नाही. मी म्हटलं, तुमच्यापर्यंत कशी येईल, साहेबांनी वरच्या वर खाल्ली.

कोंबडी जाऊ द्या. बाग आडवी झाली ते मात्र खरं. आता वादळानंतर केळीवाला काय करतो? काहीच करत नाही. विम्याला फोन लावून कळवतो आणि बांधावर बसून राहतो. विम्याचा माणूस येऊन पंचनामा करीत नाही, फोटो काढीत नाही, तोवर पडलेल्या झाडाला हात लावायचा नाही. गिरधरला त्या वर्षी राहवलं नाही. घड लागलेली केळ आडवी पाहिली की घरचं जनावर पडल्यासारखं वाटतं. त्यानं मजूर लावले, बाग साफ केली. मग विम्याचा माणूस आला, मोकळं रान पाहून म्हणाला, आबा, नुकसान कुठे आहे? शेजाऱ्यानं सडकी बाग तशीच ठेवली होती, त्याला मिळालं. गिरधरनं कानाला खडा लावला. आधी पंचनामा, मग झाडू.

पुढे साखर लागली, वय झालं. मुलगा भूपेंद्र पुण्याला. त्यानं आईबापाचा आरोग्य विमा काढायचं ठरवलं आणि स्वप्नील नावाच्या एजंटला घरी पाठवलं. पोरगं चांगलं होतं. त्यानं दोन पॉलिसी समोर ठेवल्या. एक स्वस्त, पण जुन्या आजाराला बरीच वर्षं थांबायला लावणारी आणि बिलातला वाटा आपल्यालाच भरायला लावणारी. दुसरी महाग, पण थांबणं कमी. गिरधरनं महागातली घेतली. म्हणाला, या वयात मला थांबवून काय फायदा, मी कुठे थांबणार आहे. साखर आहे का विचारल्यावर छाती काढून सांगितलं, आहे, लिही. केळी लावून कापूस लिहिणारा मी नव्हे. स्वप्नील खूश झाला. म्हणाला, आबा, लपवलं नाही हे उत्तम केलं. काही झालं तर कळवायचं, यादीतल्या दवाखान्यात जायचं, कार्ड दाखवायचं, पुढचं दवाखाना बघतो.

इतकं सगळं तो बोलला. गिरधरनं त्यातलं एकच उचललं. काही झालं तर कळवायचं.

थांबायचा काळही उलटून गेला. गिरधरची तब्येत, विचारू नका. साखरेच्या गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाहीतर सकाळी अनवाणी गवतात चालायचं. कुणीतरी सांगितलं होतं, त्यानं शुगर जमिनीत उतरते. आणि पाय असे तयार झाले होते की काटा टोचत नव्हता, खडा रुतत नव्हता, भर उन्हातली डांबरी गार वाटायची. एकदा विंचू चावला तर विंचू मेला. गिरधर गावभर सांगत फिरायचा, या वयात असे पाय दाखवा कुणाचे.

दिपमालाताई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, ते पाय तयार झाले नव्हते नाना, ते मुके झाले होते.

मी म्हटलं, गोष्ट माझी आहे, मलाच सांगू द्या.

तर बागेत ठिबकच्या नळीचा एक तुटका तुकडा पडला होता, धारदार. तो तळव्यात घुसला. गिरधर तो घेऊन दिवसभर फिरला. घरी चटईवर रक्ताचे ठसे पाहून बायको म्हणाली, कुत्र्याला काही लागलंय वाटतं. मग कळलं, कुत्रा नव्हे, मालक.

तुकडा ओढून काढला. बायकोनं पाणी तापवलं, हळद आणली. आणि गिरधरनं पाय मागे घेतला.

"धुवायचा नाही," तो म्हणाला. "धुतला की पुरावा गेला. आधी पंचनामा."

इथे प्रेमराजभाऊ इतके हसले की त्यांना खोकला आला. अमृतनं त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मीही हसलो. हसण्यासारखंच आहे.

गिरधरनं विम्याच्या नंबरावर फोन लावला. तिकडून यंत्रातली बाई म्हणाली, मराठीसाठी अमुक दाबा, दाव्यासाठी तमुक दाबा. त्यानं सगळं दाबलं. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. इतक्या आदरानं त्याच्याशी आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. गाणं वाजलं, फोन कटला. गिरधरला वाटलं, नोंद झाली. आता माणूस येणार.

दारात खाट टाकून तो बसला. रस्त्यानं पँट-शर्टातला कुणीही दिसला की पाय पुढे करायचा. एकदा मीटर रीडिंगवाल्यापुढे केला. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

बायको रोज म्हणायची, दवाखान्यात चला. हा म्हणायचा, दवाखान्यात नेला की डॉक्टर साफ करणार, मग विम्याचा माणूस काय पाहील, पांढरी पट्टी? ती म्हणायची, भूपेंद्रला विचारते. हा म्हणायचा, पोराला त्रास नको, रजा टाकून धावत येईल. स्वप्नीलला फोन करा म्हणाली, तर म्हणाला, एजंट लोक पॉलिसी घेईपर्यंत गोड बोलतात, पंचनाम्याला कधी येतात का?

आधी जखमेच्या कडा पांढऱ्या झाल्या. मग जखमेलगतचं बोट तांबूस झालं, मग निळं. मग घडातलं एखादं केळ आतून पिकत पिकत काळं पडतं तसं, टोकाकडून. दुखत नव्हतं. हेच वाईट. दुखलं असतं तर ओरडला असता, ओरडला असता तर कुणी उचलून नेलं असतं. माश्या बसू नयेत म्हणून बायको पदरानं वारा घालायची. एके दिवशी वारा घालता घालता तिचा हात थांबला.

"बागेत पानावर करपा दिसला तर तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"पान कापून टाकतो. नाहीतर बाग जाते."

"तेव्हा काबरं नाही थांबत पंचनाम्यासाठी?"

गिरधरनं मान वळवली. तो रस्त्याकडे बघत राहिला.

प्रेमराजभाऊ आता हसत नव्हते. अमृतनं विचारलं, मग नेलं की नाही दवाखान्यात? बोटावर भागलं की पाय गेला? खाली मान घालून तो म्हणाला, आमच्या गल्लीत एकाचा असाच गेला, आधी बोट, मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून. त्या माणसाला तुकड्या-तुकड्यानं नेलं.

मी म्हटलं, ऐका तर. एका सकाळी दारात खरंच एक माणूस आला. पँट, शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कॅमेरा. म्हणाला, गिरधर आबा तुम्हीच का, उशीर झाला, माफ करा, तुमच्या आधी बऱ्याच पायांचे पंचनामे होते. त्यानं शेजारचे दोन पंच बोलावले. टेप लावून काळं कुठपर्यंत चढलंय ते मोजलं. एक फोटो समोरून घेतला, एक बाजूनं. गिरधरनं कागदावर अंगठा दिला. आणि तुम्हाला पटणार नाही, अंगठा दिल्याबरोबर पायाला कळ आली. किती दिवसांनी पाय दुखला. गिरधर आनंदानं रडला. बायकोनं कढत पाणी आणलं, पाय धुतला, तर तव्याची काजळी निघावी तसं काळं सुटत गेलं, न्हाणीतून वाहत गेलं आणि खाली गुलाबी बोट निघालं, नातवाचं असतं तसं. डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलं नाही. आज गिरधर दोन्ही पायांवर फिरतो. प्रेमराजभाऊ, तुम्हाला मागे टाकेल.

एरवी या जागी अमृत टाळी देतो. तो तलावाकडे पाहत होता, बहुतेक मासा शोधत असावा.

"कुठे राहतो हा गिरधर?" दिपमालाताईंनी विचारलं.

मी म्हटलं, इकडेच, पिंप्राळ्याकडे.

"बोलवा एकदा चक्कर मारायला."

मी म्हटलं, येईल. त्याला जरा काम आहे. एका माणसाची वाट बघतोय.

हे बोलून गेलो आणि माझं मलाच कळलं. ताई बाकावरून उठल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मी पाय मागे घ्यायला गेलो. हलवला असं वाटलं, पण तो तिथंच होता. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. चिकटलेलं कापड सुटताना कसा आवाज येतो तो मी ऐकला. पायाला कळलं काहीच नाही. प्रेमराजभाऊंनी तोंडाला हात लावला.

ताई एरवी आमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलतात. तेव्हा धुळ्याच्या बोलीत बोलल्या, आणि हळू नव्हे. काठानं फिरणारे लोक थांबून पाहू लागले.

"मनी सासूना पायले हाऊच वास व्हता. नाना, पंचनामा, माणूस, बठ्ठं खोटं शे. कोणी येत नाही. आणि गिरधर कोणी नाही, हाऊ पाय तुमना शे."