राणीच्या पापण्या

पडद्यावरच्या राणीच्या डोळ्याचा कोपरा दोऱ्यावरून सरकला आणि परत आला.

दिव्यापासून कातड्याची राणी एका हातावर होती, पडदा आठ हातांवर. म्हणजे दिव्याजवळ बोट जेवढं हलेल, त्याच्या आठपट पडद्यावर दिसणार. थोरलीनं पडद्याला मागून एक काळा दोरा उभा ताणून बांधला होता आणि राणीच्या डोळ्याचा कोपरा बरोबर त्या दोऱ्यावर धरला होता. सावली दोरा सोडून गेली, आली, पुन्हा गेली. चार मिलिमीटर. आठानं भागलं की अर्धा. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्ध्या मिलिमीटरनं थरथरत होतं, आणि बोटाला त्याचा पत्ता नव्हता. मागच्या सोमवारी सावली तीन मिलिमीटर हलली होती.

तिनं दोरा सोडला, गुंडाळून खिशात ठेवला आणि दिवा मालवला. पाचच्या खेळाला अजून अडीच तास होते.

या शहरात येऊन तिला नऊ आठवडे झाले होते. धाकटी बहीण फोनवर म्हणाली होती, "नव्याचे नऊ दिवस असतात, तुझे नऊ आठवडे झाले. आता तरी एकदाचं काय ते सांग त्यांना." ते सांगणंच राहत होतं. तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की, असं ठरलं होतं. मालकीणबाईंना काम एवढं आवडलं की दोन महिने व्हायच्या आतच त्यांनी करार पुढे केला. थोरलीला कायमचं ठेवणार, धाकटीलाही हाताखाली घेणार, राहायला नाट्यगृहामागच्या दोन खोल्या, त्यात आईलाही आणता येईल. दोन आठवडे झाले, थोरली रोज म्हणत होती, "उद्या सांगते, बाई."

नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. गावाकडे सावल्यांचा खेळ बाबांबरोबरच संपला होता. शेवटची आठ वर्षं तिनं शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणजे पोरांच्या फुलदाण्यांची सावली कुठल्या बाजूला पडते ते सांगितलं होतं. इथे कातड्याच्या बाहुल्या स्वतः कापायच्या, स्वतः रंगवायच्या आणि स्वतःच पडद्यामागे नाचवायच्या. पगार वेळेवर. लोक तिकीट काढून येतात. अशी नोकरी नाकारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि सगळ्यांत आधी धाकटीनं.

तरी तोंडातून 'हो' निघत नव्हतं. का, ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणून ती बोटाची थरथर मोजत होती.

रंगाची खोली स्टेजच्या मागे होती. लांबट, एकच खिडकी, तीही रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटलेली. कडेला टेबल, टेबलावर बशा, आणि फळीवर एक पत्र्याचा डबा. डब्यावरचा कागद कधीच गळून गेला होता. आत नारिंगी झाक असलेली लाल भुकटी होती, हाताला जड. एवढीशी भुकटी एवढी जड कशी, याचं तिला पहिल्या दिवशी नवल वाटलं होतं. डिंकाच्या पाण्यात कालवून कातड्यावर पातळ ओढली की दिव्यासमोर ती निखाऱ्यासारखी दिसायची.

मालकीणबाईंचा त्या लालवर भारी जीव. "दुसरा लाल लावायचा नाही हं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "बाकीचे सगळे रंग दिव्याच्या आचेनं दोन महिन्यांत उडतात. हा माझ्या सासऱ्यांच्या वेळचा आहे. अजून तीन डबे आहेत माळ्यावर. आपल्या दोघींच्या जन्माला पुरतील."

राणीच्याच काय, सगळ्या बाहुल्यांच्या डोळ्यांची कड आणि पापण्या या लालनं काढायच्या. पापणी म्हणजे केसाएवढी रेघ. त्यासाठी ब्रशाला टोक हवं, आणि टोक काढायची थोरलीची रीत बाबांची होती. ब्रश ओठांत धरायचा, जिभेवर एकदा फिरवायचा, काढायचा. बाबा म्हणायचे, थुंकीसारखा डिंक नाही. घरी लाल म्हणजे गेरू आणि काळा म्हणजे दिव्याची काजळी. दोन्ही मातीमोलाचे, तोंडात गेले तरी थुंकून मोकळं व्हायचं. दोघी बहिणी चालायला लागायच्या आधी ते शिकल्या असाव्यात. इथला लाल मात्र थुंकला तरी जात नव्हता. आधी किंचित गोडसर लागायचा, मग दिवसभर तोंडात नाणं धरल्यासारखं वाटायचं.

चौथ्या आठवड्यापासून पोटात पिळवटून यायला लागलं. औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, पाणी लागलंय, नव्या शहरात लागतंच. थोरलीनं पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. पोट तसंच राहिलं.

आज अडीच तास हाताशी होते म्हणून ती भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीवर एका ओळीत अकरा राण्या टांगलेल्या होत्या. दिव्याच्या आचेनं कातडं वाकडं होतं, त्यामुळे राणी दर वर्षी नवी करावी लागे आणि जुनी भिंतीवर जाई. प्रत्येकीच्या पाठीवर साल लिहिलेलं. सगळ्या एकाच कलाकाराच्या हातच्या, तिच्या आधीच्याच्या. चार वर्षांपूर्वी त्यानं काम सोडलं, एवढंच तिला ठाऊक होतं. मधली चार वर्षं मालकीणबाई हंगामापुरती माणसं आणत आणि अकरावी राणीच चिकटवून, ठिगळं लावून नाचवत.

इतके दिवस तिनं त्या राण्यांचे दागिने पाहिले होते. आज ती फक्त पापण्या मोजायला लागली.

पहिल्या वर्षी एका डोळ्याला नऊ पापण्या, केसासारख्या, मुळाशी जाड आणि टोकाला नाहीशा होणाऱ्या. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही नऊ. पाचवीला आठ. सहावीला सात, टोकं बोथट. आठवीला पाच, आणि प्रत्येक रेघेत बारीक लाट, थंडीत कुडकुडणाऱ्यानं सही करावी तशी. नवव्या राणीचा डावा डोळा चक्क तिरळा होता. अकरावीला तीनच पापण्या होत्या, काडीएवढ्या जाड, आणि त्यातली एक बुबुळावरून आरपार गेली होती.

तिनं पहिलीकडून अकरावीकडे पाहिलं, मग अकरावीकडून पहिलीकडे. मग टेबलावरची स्वतःची राणी उचलून बाराव्या खिळ्याखाली धरली. आठ पापण्या. पहिल्या आठवड्यात काढलेल्या डाव्या डोळ्याच्या नितळ होत्या. मागच्या आठवड्यात काढलेल्या उजव्या डोळ्याच्या चार पापण्यांत लाट होती.

अकरा वर्षांचा रस्ता तिनं दोन महिन्यांत अर्धा कापला होता. लालमध्ये बुडवलेला ब्रश तोंडात धरायची तिची सवयच जोरदार.

फोन वाजला. धाकटी.

"ताई, झाला का निर्णय? की अजून पंचांग बघतेयस?"

"तू काय करतेयस?" थोरलीनं विचारलं. धाकटीचा आवाज दातांमधून येत होता.

"पापण्या. तुझ्या त्या मालकीणबाईंना कालच एक फोटो पाठवलाय, आता दाखवायला हातातही काहीतरी नको? तू काडेपेटीतनं पाठवलेला लाल अगदी पुरवून पुरवून वापरतेय. काय रंग आहे गं! बाबा असते तर डबाच पळवला असता त्यांनी."

थोरलीला ती काडेपेटी आठवली. तिसऱ्या आठवड्यात, पहिला पगार झाल्यावर, कौतुकानं भरून, वर चिकटपट्टी लावून पाठवलेली.

"तुझ्या तोंडात काय आहे?"

"ब्रश. काय असणार? आणि ऐक, आईला सांग जरा काहीतरी. माझं पोट दुखतंय तर म्हणते बाहेरचं खातेस. पंधरा दिवस झाले, बाहेरचा एक घास खाल्ला नाही मी. पिळवटून येतं नुसतं, आणि तोंडाला कशी—"

"नाण्यासारखी चव येते."

"तुला कसं कळलं?"

"ब्रश काढ तोंडातून," थोरली म्हणाली. "आत्ता. खाली ठेव. चूळ भर, चांगली पाच-सहा वेळा. हात साबणानं धू. ती काडेपेटी पिशवीत बांध, आईलाही हात लावू देऊ नकोस. आणि आजच दवाखान्यात जा. रंग पोटात गेलाय म्हणून सांग, पिशवी दाखव."

"ताई, घाबरवतेयस तू मला."

"हो."

धाकटीनं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा. नळ सोडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

थोरली दाराशी गेली, तिथून तिकीटखिडकीकडे. खिडकीत तिकीटकाका बसले होते. साठीचे, इस्त्रीचा सदरा, थट्टेखोर. रोज डाव्या हातानं तिकिटं फाडत आणि डाव्या हातानंच सुटे पैसे सरकवत, म्हणून ती त्यांना डावखुरे समजत होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला विचारलं होतं, "काय सावलीवाल्या बाई, नववी अजून तिरळीच बघते का?" ती हसली होती. तिकीट फाडणाऱ्याला रंगाच्या खोलीतली नववी कशी ठाऊक, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "राण्या तुम्ही काढल्यात."

काकांनी तिकिटांचा गठ्ठा नीट केला. पुन्हा नीट केला.

"उजवा हात दाखवा ना."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, बाई?" ते म्हणाले, पण हसले नाहीत. मग त्यांनी टेबलाखालून उजवा हात वर काढला आणि पुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंत हात सरळ होता. मनगटापासून पुढचा पंजा खाली लोंबत होता, काठी निसटलेल्या बाहुलीसारखा. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. कपाळावर शीर उठली. पंजा लोंबतच राहिला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"शिसं. त्या लालमध्ये शिसं आहे. वेळीच थांबला असतात तर हात वाचला असता, म्हणाले."

"मालकीणबाईंना ठाऊक आहे?"

"कागद त्यांच्याच हातात दिला होता मी. त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी जन्मभर वापरला, त्यांना काही झालं नाही." काकांनी हात पुन्हा टेबलाखाली घेतला. "सासरे ब्रश तोंडात धरत नसत. मी धरायचो. म्हणून चूक माझी ठरली आणि मला ही खिडकी मिळाली. बाई, मी तुम्हाला सांगणार होतो. रोज तुम्ही समोरून जायचात आणि मी म्हणायचो, आज सांगू. पण खिडकीही गेली तर या वयात मला कोण घेणार?"

थोरलीला त्यांचा राग यायला हवा होता. पण 'आज सांगू' हे शब्द तिच्या ओळखीचे होते.

"ब्रश तोंडात धरता का, एवढं तरी विचारायचं होतं," ती म्हणाली.



ती परत पडद्यामागे गेली तेव्हा पुढच्या बाजूनं मालकीणबाईंच्या चपला वाजल्या. त्या खुर्च्यांच्या रांगांमधून येत होत्या. पडद्याच्या अलीकडे ती, पलीकडे त्या.

"आहेस का गं आत? करार आणलाय. आज खेळाआधी सही करून टाकू, म्हणजे धाकटीला सोमवारी बोलावता येईल. तिनं पाठवलेल्या पापण्यांचा फोटो बघितला मी. तुझ्याहून बारीक हात आहे हो तिचा! पापण्या तिलाच देऊन टाकू, तू खेळ सांभाळ."

थोरलीनं दिवा लावला. राणी घेतली नाही. नुसता उजवा हात दिव्यापासून हातभर लांब धरला, बोटं पसरून.

पडद्यावर माणसाहून मोठा पंजा उभा राहिला. चार बोटं स्थिर होती. करंगळीशेजारचं पाचवं जात होतं, येत होतं, जात होतं.

पलीकडे चपला थांबल्या. कागदांची सळसळ थांबली. मालकीणबाईंनी 'काय झालं' असं विचारलं नाही. तेवढ्यावरून थोरलीला उरलेलं सगळं कळलं.

"आराम कर दोन दिवस," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दिव्याच्या आचेनं होतं असं कधीकधी. सहीचं मग बघू. उद्या सांग."

"उद्या नाही," थोरली म्हणाली. हात तिनं दिव्यासमोरून काढला नाही. "आत्ताच सांगते. मी राहणार नाही. धाकटी येणार नाही. आणि माळ्यावरच्या तीन डब्यांबद्दल मी इथून निघताना पोलिसांत लिहून देणार आहे."